उणे तीस आणि अधिक चार : थंडी नेमकी कुठे जास्त?

द्राक्षबाग (निफाड तालुका)

नमस्कार मंडळी.

गेल्या तीन रात्री आमच्याकडे पारा चार-साडेचार अंशांवर उतरतो आहे. आज पहाटे पाचला बागेत गेलो, तेव्हा बांधावरच्या हरळीवर साय धरल्यासारखा पांढरा थर दिसला. बोटाने खरवडून पाहिले, तर दव गोठलेले होते आणि नखात त्याचा चुरा आला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेला आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो आणि त्यावरून आम्ही आपली रात्र किती वाईट गेली ते ठरवतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर तो आकडा १.८ अंशांपर्यंत घसरला होता. त्या आठवड्याची आठवण इथल्या कोणत्याही बागाईतदाराला करून द्यावी लागत नाही.

ज्यांचा द्राक्षाशी संबंध खाण्यापुरताच येतो, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास होते, त्यामुळे ऐन पौषात वेलीवर घड लटकलेले असतात आणि मण्यांत पाणी उतरायला लागलेले असते. अशा वेळी थंडी वाढली की मुळांचे काम मंदावते, मण्यांची फुगवण थांबते, काही जातींच्या मण्यांना तडे जातात आणि थॉम्पसन या जातीच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. तो गुलाबी मणी निर्यातीत चालत नाही, म्हणून आम्ही एकेक घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळतो. म्हणजे थंडीची बातमी छापलेला कागदच पुढे थंडीपासून राखण करायला येतो. पहाटे ठिबकने विहिरीचे पाणी सोडतो आणि ओळींच्या टोकांना पाचट पेटवून धूर करतो.

काल अमेरिकेत मिनेसोटात राहणाऱ्या धाकट्या बहिणीला हे सारे सांगितले, तर ती हसायलाच लागली. “दादा, चार अंशांना आमच्याकडे लोक एका स्वेटरवर फिरतात,” असे ती म्हणाली. मला राग आला नाही, परंतु दोन शंका मात्र डोक्यात राहिल्या. पारा चारवर असताना दव गोठते कसे? आणि जिथे उणे तीसपर्यंत थंडी पडते, तिथे माणसे आणि वेली टिकाव कसा धरतात? ज्यांनी अशी थंडी आणि बर्फ अंगावर काढले आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उणेचाळीस (मिनियापोलिस)

दादा, मीही मिनेसोटाचीच. परंतु तुमची बहीण नव्हे, हे आधी स्पष्ट करते. या शहरात माझा चौदावा हिवाळा चालू आहे. नाव असे घेण्याचे कारण एवढेच की, उणे चाळीस हा एकच आकडा सेल्सियस आणि फॅरनहाइट या दोन्ही मापांत सारखा येतो, त्यामुळे तो आईला फोनवर सांगताना हिशेब करावा लागत नाही.

३० जानेवारी २०१९ चा दिवस सांगते. ध्रुवाकडील अतिशीत हवा खाली घसरली होती आणि त्या सकाळी इथे उणे ३३ अंश होते. वाऱ्याचा परिणाम धरला तर अंगाला ती थंडी उणे पंचेचाळीसच्याही खालची होती, आणि अशा हवेत उघड्या कातडीला काही मिनिटांत हिमदंश होतो. शाळा बंद होत्या. एरवी कशालाच न जुमानणाऱ्या टपालखात्यानेही त्या दिवशी आमच्या राज्यात पत्रे वाटली नाहीत. मी केवळ कचऱ्याची पिशवी टाकायला खाली उतरले. पहिल्याच श्वासाला नाकातले केस आखडून काट्यांसारखे टोचू लागले, डोळ्यांना पाणी आले आणि पापण्या एकमेकींना चिकटल्या. आपण मराठीत थंडी ‘वाजते’ म्हणतो. तिथे ती मला कानांनी ऐकू आली. उणे वीसच्या खाली बर्फ बुटाखाली दबत नाही, तो करकरतो, कोरड्या लाकडी जिन्यावर चालल्यासारखा. रस्त्यावर माणूस नसताना तो आवाज फार मोठा वाटतो.

मात्र पिशवी टाकून मी दीड मिनिटात घरात परतले आणि घरात २१ अंश होते. खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा, भिंतींच्या पोटात उष्णतारोधक थर, तळघरात भट्टी. शहराच्या मध्यभागी इमारती एकमेकींना दुसऱ्या मजल्यावरील काचेच्या पुलांनी जोडल्या आहेत. हे जाळे पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे कार्यालय, जेवण आणि बँक एवढे सगळे कोट न घालता उरकता येते. खरा त्रास होतो तो कोरड्या हवेचा. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसल्यासारखा विजेचा झटका लागतो, आणि नुसत्या तेलाने भागत नाही म्हणून खोलीत वाफेचे यंत्र चालवावे लागते.

आयुष्यात सर्वांत जास्त थंडी कुठे वाजली असे मला कोणी विचारले, तर मी पुण्यातील माहेरचे घर सांगेन. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत गेले होते. बाहेर नऊ अंश, घरातही जवळजवळ तेवढेच, पायांखाली शहाबादी फरशी आणि न्हाणीघराची झडप कायमची उघडी. मी कानटोपी घालून झोपले. आई म्हणाली, “बर्फातून आलीस ना गं तू?”

भट्टीवाला (श्रीनगर, मूळ आटपाडी तालुका)

मिनियापोलिसच्या ताईंचे शेवटचे वाक्य वाचून मोठ्याने हसलो. आमच्याकडे तर घर गरम करण्याची कल्पनाच वेगळी आहे. इथे खोली तापवत नाहीत, माणूस तापवतात.

आमचा व्यवसाय गलाईचा. खानापूर, आटपाडी भागातील पुष्कळ घरांतील माणसे जुने सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगली, त्यांतली काही कुटुंबे काश्मीरलाही आली. दुष्काळी माणदेशातून वडील इथे आले तेव्हा, ते सांगतात, गावाकडून आणलेले एक घोंगडे आणि दोन सदरे एवढेच त्यांच्याजवळ होते. गलाईच्या दुकानातील थंडी ही एक चमत्कारिक गोष्ट आहे. समोर भट्टीत मूस लाल झालेली असते, चिमटा धरलेल्या हातावर घाम येतो आणि त्याच वेळी पाठीवरून कोणी गार पाण्याचे फडके फिरवत असल्यासारखे वाटते. लहानपणी मी दर दहा मिनिटांनी भट्टीकडे पाठ करून बसायचो, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या शेकाव्यात.

इथे हिवाळ्याचे हिशेब ठरलेले आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, त्यानंतर वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. अंगात घोळदार फेरन आणि फेरनच्या आत कांगडी. वेताच्या विणीत बसवलेले हे मातीचे भांडे निखाऱ्यांनी भरलेले असते आणि लोक ते पोटाशी धरून चालतात, बोलतात, दुकानही चालवतात. त्याची सवय अंगवळणी पडायला मला दोन हिवाळे लागले. पहिल्या हिवाळ्यात फेरनला भोक पाडून घेतले आणि मांडीवर डागही. वर्षानुवर्षे एकाच जागी चटके बसल्याने होणारा कातडीचा कर्करोगही इथल्या डॉक्टरांना चांगला परिचयाचा आहे, त्यामुळे कांगडीचे फार गोडवे मी गाणार नाही.

आकड्यांचे म्हणाल, तर ३१ जानेवारी २०२१ रोजी शहरात उणे ८.८ होते. दल सरोवर गोठले होते आणि नळांखाली कागद पेटवून पाणी मोकळे करावे लागत होते. १९३४ च्या डिसेंबरातील उणे १४.४ हा इथला जुना विक्रम आहे. परंतु बाहेरच्यांना पटत नाही अशी एक गोष्ट सांगतो. बर्फ पडतो त्या रात्री थंडी कमी असते. ढग आले, भुरभुर सुरू झाली की इथली माणसे सैलावतात. पहिल्या बर्फाला ‘शीन मुबारक’ म्हणतात. हाडे फोडणारी रात्र असते ती निरभ्र, चांदण्यांनी भरलेली. सकाळी पत्र्याच्या उतरत्या छपरांच्या कडेला बर्फाचे लांब भाले लटकलेले दिसतात. त्यांना काश्मिरीत ‘शिशरगांठ’ म्हणतात. आपला शिशिर तिथे असा अचानक भेटला तेव्हा फार बरे वाटले होते.

मुंबईकर_नाइलाजाने

आमच्या सांताक्रूझलाही २७ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती, हे नम्रपणे नमूद करतो. सध्या १९ आहे. खोबरेलाची बाटली गोठली असल्यामुळे मी थंडी पडल्याचे अधिकृतपणे जाहीर केले आहे आणि सोसायटीच्या रखवालदाराने मफलर बाहेर काढून गुंडाळला आहे.

हवामानवेडा (सातारा)

मुंबईकर, खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपासच गोठू लागते. त्यावरून थंडी जाहीर करायची तर महाबळेश्वरला वर्षातले निम्मे महिने हिवाळा धरावा लागेल.

आता निफाडकरांची पहिली शंका. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवीत असे, तेव्हा थोडे पाल्हाळ होईल ते सोसून घ्यावे. हवामान केंद्रातील तापमापी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरहून अधिक उंचीवर ठेवलेली असते. ती हवेचे तापमान सांगते, गवताचे नव्हे. निरभ्र, निवांत आणि कोरड्या हवेच्या रात्री जमीन आणि गवताची पाती आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकत राहतात. ती परतवून लावायला ढगांचे पांघरूण नसते आणि वरची हवा खाली ढवळायला वारा नसतो. अशा रात्री गवताच्या टोकाचे तापमान पेटीतल्या आकड्याहून चार-पाच अंशांनीही खाली जाऊ शकते. म्हणून पेटीत चार असताना तुमच्या बांधावर शून्य असते. श्रीनगरच्या बंधूंनी सांगितलेली चांदण्यांची रात्र हीच.

आमच्या जिल्ह्यात वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला दर वर्षी असे होते आणि ‘महाबळेश्वरात बर्फ पडला’ अशी बातमी येते. बर्फ पडत नाही. हिमवर्षावात स्फटिक ढगात तयार होऊन खाली येतात; इथे वरून काहीच आलेले नसते, दव जिथल्या तिथे गोठलेले असते. आपल्याकडे त्याला दहिवर असा शब्द होता, तो आपण उगाच टाकून दिला. थंड हवा जड असते, ती उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. म्हणून गावात सात अंश असताना तलावाकाठच्या होडीवर पांढरा थर असतो. तुमच्या तालुक्यातही नदीकाठचे सखल शेत आणि माळावरचे शेत यांत हाच फरक पडत असणार.

एक सूचना करतो. दोन साध्या तापमापी घ्या, एक घडाच्या उंचीवर टांगा आणि एक जमिनीलगत ठेवा. आणि धुराबद्दल माझे मत विचाराल, तर धूर फारसा उपयोगी नाही. जमिनीतून निघणारी उष्णता धुरातून बऱ्याच अंशी पार होते. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा, आणि तोही एका मोठ्या आगटीपेक्षा अनेक लहान शेकोट्यांचा, कारण मोठ्या आगीचा गरम झोत सरळ वर निघून जातो. पाणी सोडता ते मात्र अगदी योग्य. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कितीतरी ऊबदार असते आणि ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते.

कादवाकाठ

सर, आपण म्हणता ते पुस्तकात बरोबर असेल. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षे धूर केला आणि बाग टिकवली. धूर केला नसता तर काय झाले असते, हे पाहण्यासाठी आम्ही कधी बाग उघडी ठेवली नाही, एवढे मात्र मान्य करतो.

सरोवरकाठ (बफेलो)

थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे आल्याशिवाय मला समजले नव्हते. मिनियापोलिस आमच्याहून कितीतरी गार आहे, पण बर्फ आमच्याकडे जास्त पडतो. कारण ईरी सरोवर. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचे पाणी अजून उबदार असते, त्यावरून लांबच लांब अंतर कापत कोरडी थंड हवा येते, वाटेत बाष्प उचलते आणि काठावर पोचताच ते बर्फ करून टाकते. सरोवर गोठले की हा कारखाना बंद पडतो. म्हणून इथे नोव्हेंबर-डिसेंबराची भीती जास्त.

नोव्हेंबर २०१४ मध्ये मी शहराच्या दक्षिणेकडील उपनगरात भाड्याने राहत होतो. ढगांचा एक अरुंद पट्टा आमच्या डोक्यावर येऊन थांबला. आमच्या बाजूच्या काही वस्त्यांत पाच ते सात फूट बर्फ साचला आणि काही किलोमीटरवर उत्तरेला राहणारा माझा सहकारी फोनवर ऊन पडल्याचे सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या बाजूला उघडणारे पुढचे दार उघडले. बाहेर अंगण नव्हते. दाराच्या मापाची एक पांढरी भिंत उभी होती आणि तिच्यावर दाराची चौकट, मूठ आणि टपालाची फट यांचा ठसा गणपतीच्या साच्यातून काढावा तसा उमटलेला होता. मी त्या मुठीला हात लावला आणि ती माझ्या तळहातात विरघळली. त्यानंतरचे चार दिवस खिडकीतून बाहेर पडून फावड्याने वाट काढण्यात गेले.

२३ डिसेंबर २०२२ चे वादळ मात्र निराळे होते. त्यात बर्फाहून वारा वाईट होता. दीड दिवसाहून अधिक काळ समोरचे घर दिसत नव्हते. वाहतुकीला बंदी असूनही काही जण बाहेर पडले, काही जण आधीच रस्त्यात अडकले होते, आणि रुग्णवाहिका व अग्निशमनाच्या गाड्याही जागोजागी रुतून बसल्या. या भागात चाळीसहून अधिक माणसे गेली. कोणी गाडीत, कोणी थंड पडलेल्या घरात, कोणी बर्फ उपसताना हृदयविकाराने. तेव्हापासून माझ्या गाडीत मेणबत्ती, काडेपेटी, घोंगडी, फावडे आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा कायम असतो. गाडी बर्फात अडकली तर इंजिन चालू करण्याआधी उतरून धुराड्याभोवतालचा बर्फ काढायचा, नाहीतर विषारी वायू आत भरतो, हे इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला मी सांगतो.

खारी_बिस्कीट (नागाओका, जपान)

सरोवरकाठ यांनी सांगितलेला कारखाना आमच्याकडे समुद्रावर चालतो. सैबेरियाची हवा जपानच्या समुद्रावरून येते आणि मधल्या डोंगरांना अडून आमच्या बाजूला रिकामी होते. त्याच दिवशी डोंगरापलीकडे टोकियोत कोरडे, लख्ख ऊन असते. इथला पारा फारसा उतरत नाही, शून्याच्या मागे-पुढे घुटमळतो. बर्फ त्यामुळे ओला आणि जड असतो. छपरावर बसलेल्या बर्फाचा एक घनमीटर तीनशे किलोच्याही पुढे जातो, म्हणून तो वेळोवेळी उतरवावा लागतो. खेड्यांत म्हातारी माणसेच उरली आहेत आणि तीच छपरावर चढतात. दर हिवाळ्यात त्यांतली काही घसरून पडतात.

इथल्या रस्त्यांच्या मधोमध नळ्या पुरलेल्या असून त्यांच्या भोकांतून भूजलाची कारंजी उडतात. जमिनीखालचे पाणी दहा-बारा अंशांहून गार नसते, तेवढी ऊब बर्फ वितळवायला पुरते. निफाडचे बंधू पहाटे विहिरीचे पाणी सोडतात, तीच युक्ती नागाओकाने रस्त्यावर वापरली आहे. पाण्यात लोह असल्याने सारे रस्ते गंजून तांबूस झाले आहेत आणि शेजारून गाडी गेली की पायजमा ओला होतो. घरात म्हणाल तर ताईंच्या पुण्यासारखेच. जुनी लाकडी घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली, भिंती पातळ. एका बुटक्या मेजाखाली हीटर, त्यावर गोधडी, आणि त्यात पाय घालून सगळे कुटुंब बसते. लघुशंकेला उठणे हा निर्धाराचा विषय असतो.

काका_डॅलस

मी इतके दिवस नुसता वाचत होतो, पण ‘आकडा आणि थंडी’ म्हटल्यावर राहवले नाही. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी आमच्याकडे उणे १९ अंश होते. मिनेसोटात हा जानेवारीतला साधा दिवस झाला असता. टेक्सासमध्ये त्या आठवड्यात चाळीस लाखांहून अधिक घरांची वीज गेली आणि शेकडो माणसे मेली.

इथली घरे उन्हाच्या विचाराने बांधलेली. पाण्याचे नळ थेट माळ्यावरून, पत्र्याच्या पेटीसारख्या उघड्या जागेतून नेलेले. बहुतेकांचे घर विजेवर तापते. वायूचे पुरवठे गोठले, वीजकेंद्रे बंद पडली, आणि राज्याचे वीजजाळे शेजारच्या राज्यांपासून जवळजवळ वेगळे असल्याने बाहेरून मदतही फारशी घेता आली नाही. आमची वीज पहाटे दोनला गेली आणि तिसऱ्या दिवशी आली. घरात चार अंश होते. दादा, तुमच्या बागेत आहेत तेवढेच. मी, पत्नी आणि दोन मुले एका खोलीत आईने शिवलेल्या दोन गोधड्यांखाली कपाळाला कपाळ लावून झोपलो. गॅसची शेगडी काडीने पेटत होती, तेवढा पिठले-भात मिळाला. नळ ठिबकत ठेवा, असे सांगितले होते. आम्ही ठेवलेही होते, पण पाहुण्यांच्या न्हाणीघरातला एक राहिला.

पाइप गोठतो तेव्हा काही कळत नाही. तो फुटल्याचे कळते ऊन पडल्यावर. गुरुवारी दुपारी सगळे हसत-खेळत अंगणात उभे होतो आणि घरातून पोते आपटावे असा आवाज आला. छताचा भिजलेला तक्ता बैठकीत कोसळला होता आणि वरून पाणी धो-धो येत होते. प्लंबरचा क्रमांक लागायला बारा दिवस गेले. मिनियापोलिसच्या एका मित्राने तेव्हा फोनवर विचारले होते, “उणे एकोणीसच ना?” त्याला काय उत्तर द्यावे, ते मला अजून सुचलेले नाही.

वैनगंगा (नागपूर)

काका, आम्हाला समजते. २९ डिसेंबर २०१८ ला आमच्याकडे ३.५ अंश होते. ज्या शहरात प्रत्येक घरात कूलर आहे आणि एकातही हीटर नाही, तिथे ती रात्र कशी काढली ते विचारू नये.

कृषिकन्या (नायगारा द्वीपकल्प, ओंटारियो)

द्राक्षबाग दादा, मी राहुरीला शिकले आणि आता इथे एका द्राक्षमळ्यात काम करते, त्यामुळे तुमची दुसरी शंका माझ्या वाट्याची आहे. बफेलो माझ्यापासून तासाभरावर, नदीपलीकडे. त्यांना एक सरोवर गाडून टाकते, तर आमच्या बागा दुसरे सरोवर वाचवते. आमच्या उत्तरेला ओंटारियो सरोवर आहे. ते हिवाळाभर साठवलेली ऊब सोडत राहते आणि दक्षिणेकडील कडा ती हवा इथेच खेळती ठेवतो.

वेली उणे तीसमध्ये जगतात का? बहुतेक नाही. युरोपीय जातींचे डोळे, म्हणजे काडीवरचे सुप्त कोंब, उणे वीसच्या पुढे मरू लागतात, म्हणून पुष्कळ जण कलमाच्या सांध्यावर मातीची भर घालतात. पण उणे पंधरा इथली वेल सहज सोसते, कारण तेव्हा ती झोपलेली असते. पाने गळालेली, रस उतरलेला, लाकूड पिकलेले. नोव्हेंबरपासून तिने तयारी केलेली असते. हीच वेल मे महिन्यात फुटली की उणे दोन अंशांनी तिचे कोवळे शेंडे काळे पडतात. तुमची वेल पौषात जागी आहे, फळ पोसते आहे. तिला झोपायला आपण दिलेलेच नाही. त्यामुळे तुमच्या चार अंशांना कोणी हसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, बहिणीनेही.

इथे बागांत दहा मीटर उंच खांबांवर मोठे पंखे असतात. हवामानवेडा सरांनी सांगितलेल्या निवांत रात्री गार हवा खाली साचते आणि काही मीटर वर तीच हवा दोन-तीन अंशांनी उबदार असते. पंखा ती खाली ओढतो. पहाटे तीनला ते सुरू झाले की हेलिकॉप्टर उतरल्यासारखे वाटते आणि गावकरी तक्रारी करतात.

आणि एक गंमत. इथे काही द्राक्षे मुद्दाम गोठू देतात. जाळी लावून घड डिसेंबर-जानेवारीपर्यंत वेलीवर ठेवायचे आणि पारा उणे आठ किंवा त्याखाली गेला की तोडायचे. नियमानेच त्याआधी तोडता येत नाहीत. मण्यातले पाणी बर्फ होऊन मागे राहते आणि दाबल्यावर मधासारखा थोडासा रस निघतो. त्याची गोड वाइन करतात. गेल्या वर्षी रात्री अकराला आम्ही तोडणीला गेलो. डोक्याला दिवे, तीन हातमोजे. घड क्रेटमध्ये टाकला की गोट्या पडल्यासारखा खणखणाट होतो. मी एक मणी तोंडात टाकला. दाढ अशी ठणकली की ओझरच्या आजीची आठवण झाली, परंतु त्यानंतर जी गोडी उतरली, ती थॉम्पसनमध्ये मला कधी मिळालेली नाही.

कादवाकाठ

गोठलेल्या मण्याला जास्त भाव? ताई, हे आमच्या व्यापाऱ्याला कळवू नका. तो तडकलेल्या मण्यालाही तेवढेच कारण सांगून भाव पाडेल.

द्राक्षबाग (निफाड तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. बहिणीला हे सारे पाठवले. तिने केवळ कृषिकन्या ताईंचा परिच्छेद वाचून हात जोडल्याचे चित्र पाठवले आहे.

हवामानवेडा सरांच्या सांगण्यावरून काल नाशिकहून दोन तापमापी आणल्या. एक मांडवाच्या तारेला घडांच्या बरोबरीने टांगली, दुसरी बोदावर, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावर, दोन वीटकरांच्या आधाराने ठेवली. आज पहाटे पावणेपाचला पाहिले तेव्हा वर साडेपाच आणि खाली दीड होते. मग मांडवावर शिडी लावली आणि वरची तापमापी हातात धरून आणखी उंच नेली, तर ती पावणेसातवर गेली. ती ऊब डोक्यावर चार हातांवर होती आणि इतकी वर्षे मी खाली वाकून पाचट पेटवत होतो. पंख्याचा खर्च मला झेपणारा नाही, हेही खरे.

कादवाकाठ काकांच्या शब्दाखातर आज धूरही केला, फक्त एका आगटीच्या जागी नऊ लहान शेकोट्या केल्या. सहा वाजता खालची तापमापी अडीचवर होती. ती वाढ शेकोट्यांची की पाण्याची, हे सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच वेळी चालू होते. उद्या पूर्वेच्या चार ओळींत फक्त पाणी आणि पश्चिमेच्या चार ओळींत फक्त शेकोट्या करून पाहतो. आता उजाडले आहे, पंप अजून चालूच आहे, तो बंद करायला जातो.